पाडायची कोणती, ठेवायची कोणती: सांगलीतल्या एका वीटकामाचं प्रकरण

“उद्यापासून प्लास्टर धरतो म्हणतोय तो. मी म्हणतो, सगळं वीटकाम उतरवा. तुम्ही या आणि काय ते एकदाच सांगा.”

फोन एका निवृत्त गुरुजींचा होता. विश्रामबागेकडून कुपवाडकडे जाताना गुंठेवारीत त्यांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. तिथं त्यांचं घर चाललं होतं, तळमजला आणि वर एक मजला. खालच्या मजल्याचं वीटकाम संपलेलं, मे महिना तोंडावर आलेला. पावसाच्या आत बाहेरचं प्लास्टर उरकायचं म्हणून कंत्राटदाराला घाई होती. गुरुजींना घोर वेगळाच होता. एकदा प्लास्टर झालं की भिंतीच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. वीटकाम बघायला मी शक्यतो सकाळीच जातो. कोवळं ऊन भिंतीवर तिरपं पडतं, तेव्हा फुगलेली वीट आणि आत गेलेला थर लगेच कळतो. दुपारी बारा वाजता कुठलीही भिंत सरळच दिसते.

गुरुजींनी शंभर पानी वही पुढे केली. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून त्यांनी एकतीस कलमं काढली होती. प्रत्येकासमोर तारीख, कुठल्या खोलीत, आणि लाल पेनानं छोटी आकृती. कंत्राटदार मोटारसायकलला टेकून उभा होता. म्हणाला, “साहेब, प्लास्टरखाली झाकतंय की सगळं. कशाला उगं?”

पुढचे दोन दिवस त्या घरात घालवल्यावर माझं मत असं झालं: वहीतली बहुतेक कलमं डोळ्याला खुपणारी होती, घराला त्यांचा धोका नव्हता. आणि जी भिंत खरोखर पाडायला हवी होती, तिच्याबद्दल वहीत अर्धी ओळसुद्धा नव्हती.

आधी एक गोष्ट गुरुजींना पुन्हा पुन्हा सांगावी लागली. त्यांचं घर आरसीसीचं, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचं. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायावर. मधल्या विटांच्या भिंती स्वतःचं वजन सोडून काही पेलत नाहीत. हेच घर भिंतींवर तोललेलं असतं, जुन्या वाड्यांसारखं, तर माझी यादी वेगळी झाली असती आणि बरीच लांब झाली असती. पण भार पेलत नाही म्हणजे काहीही चालतं, असंही नाही. भिंतीला स्वतः उभं राहावं लागतं, पाऊस अडवावा लागतो, आणि जमीन हादरली तर कुणाच्या अंगावर न पडता जागेवर थांबावं लागतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गुरुजी शाळकरी वयाचे होते. त्यामुळे हा शेवटचा मुद्दा त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

वाकडे सांधे, सरळ थर

एकतीसपैकी नऊ कलमं सांध्यांबद्दल होती, म्हणजे दोन विटांमधल्या सिमेंट-वाळूच्या पट्ट्यांबद्दल. “एक सांधा करंगळीएवढा, दुसरा अंगठ्याएवढा.” खरंच तसं होतं. आडवे सांधे पट्टीनं मोजले, 9 मिलिमीटरपासून 21 मिलिमीटरपर्यंत निघाले. आपल्याकडे वीटकामात सांधा साधारण 10 मिलिमीटरचा धरतात. कागदावर हे काम नापास.

मग लेव्हल पाईप लावला, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी. खिडकीच्या तळाचा थर घराभर फिरून तपासला, सगळीकडे मिळून फरक 5 मिलिमीटर. म्हणजे थर लावताना मिस्त्रीनं आडव्या दोरीची रेषा सोडलेली नव्हती. मग सांधे असे का? उत्तर अंगणातल्या विटांच्या चट्ट्यात होतं. हाताला येतील तशा वीस विटा काढून एका रांगेत ठेवल्या. लांबी 214 पासून 232 मिलिमीटरपर्यंत, जाडी 68 पासून 80 पर्यंत. वीट बारीक आली की वरची कड दोरीला मिळवायला खाली माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, जाड टाकावा लागतो. त्या भिंतीतले सांधे वाकडे दिसत होते, कारण थर सरळ ठेवले होते.

आता विटा कुणी आणल्या? गुरुजींनीच. कंत्राट मजुरीचं होतं, माल सगळा मालकाचा. भट्टीचा हंगाम संपत आला तेव्हा उरलेला लॉट दोन पैसे कमी करून मिळाला म्हणून त्यांनी तीन गाड्या उतरवून घेतल्या. हे ऐकल्यावर कंत्राटदार मोटारसायकल सोडून पहिल्यांदा आत आला.

विटांचा विषय निघालाच होता, म्हणून त्याही तपासल्या. दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा, नखानं ओरखडा उठतो का बघायचं, हे सगळे करतात. पण आवाजावरून भांडण मिटत नाही, आकडा लागतो. पक्क्या लाल रंगाची एक आणि पिवळट एक, अशा दोन विटा दोन दिवस उन्हात वाळवल्या, शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलल्या, चोवीस तास बादलीत बुडवून पुन्हा तोलल्या. लाल वीट 3.05 किलोची 3.58 झाली, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास पाणी प्यायली. पिवळट 2.80 ची 3.47 झाली, जवळजवळ चोवीस टक्के. साध्या बांधकामाच्या विटेला मर्यादा 20 टक्क्यांची आहे. प्रयोगशाळेत वीट 105 ते 115 अंशांच्या भट्टीत वाळवतात, आमची पद्धत घरगुती. पण एवढा फरक उन्हामुळे पडत नाही. पिवळट विटा कच्च्या होत्या. गुरुजींनी स्वतः बसून चट्ट्यातल्या अशा विटा वेगळ्या काढल्या. त्या कंपाउंडच्या आतल्या बाजूला झाडांच्या आळ्याला लावल्या.

सांध्यांची नऊ कलमं मी खोडली. गुरुजींना ते आवडलं नाही.

ओळंबा मिस्त्रीच्या हातात

भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे का, हे मी स्वतः मोजत नाही. ओळंबा मिस्त्रीच्याच हातात देतो, पट्टी मालकाच्या हातात, आणि मी आकडा लिहून घेतो. नंतर “तुम्ही चुकीचं धरलंत” म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

मिस्त्री जत तालुक्यातला, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्यानं भिंतीपासून थोड्या अंतरावर दोरी सोडली. वारा होता, ओळंबा हलायला लागला, तेव्हा न सांगता त्यानं पाण्याची बादली खाली सरकवली आणि गोळा पाण्यात बुडवला. तीन-चार झोके घेऊन गोळा थांबला. वर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजायचं, खाली मोजायचं, वजाबाकी करायची. बस.

आयएस 2212 हे वीटकामाचं भारतीय मानक. एका मजल्यात 3 मीटर उंचीला 6 मिलिमीटरपर्यंत फरक ते चालवून घेतं. आम्ही चौदा जागी मोजलं. अकरा जागा 6 च्या आत. दोन ठिकाणी 8 आणि 9. आणि जिन्याची पश्चिमेकडची भिंत: वर 60, खाली 43. सतरा मिलिमीटर आत झुकलेली.

मिस्त्रीनं दोरी गुंडाळली आणि म्हणाला, “ही माझ्या हातची न्हवं. मी चार दिवस गावाकडं होतो.” कंत्राटदार दुसरीकडे बघत होता.

सतरा मिलिमीटरनं नऊ इंची भिंत पडत नाही. अडचण प्लास्टरची होते. बाहेरचं सँडफेस प्लास्टर दोन थरांत मिळून 20 मिलिमीटरचं असतं. ही भिंत बाहेरून सरळ दाखवायची तर वरच्या टोकाला सदतीसपर्यंत जाडी न्यावी लागणार. एवढा माल एका दमात चढवला तर तो स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो, नाहीतर वाळताना आकसून तडकतो. मी लिहिलं: ठेवा. पण बाहेरून जाळी मारून जास्तीचा एक थर द्या, मधे दोन दिवस जाऊ द्या, आणि त्या जास्तीच्या मालाचं सिमेंट कंत्राटदाराच्या खात्यावर. या भिंतीकडे शेवटी पुन्हा यावं लागणार आहे.

काचपट्टी

वहीतलं पहिलं कलम लाल पेनानं दोनदा अधोरेखित होतं: स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली, सांध्या-सांध्यातून पायऱ्या उतरल्यासारखी खाली गेलेली भेग. केसाएवढी. इथं माझी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. सांगलीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराला तिरकी भेग पाडणं हा तिचा जुना छंद. त्यामुळे भेग बघताच माझ्या तोंडून निघून गेलं, “हे पायाचं असू शकतं.” त्या रात्री गुरुजी झोपले नाहीत, असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं. भेगेच्या खाली प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीचा काँक्रीटचा बीम, अखंड होता, बारीक रेषसुद्धा नाही. पाया हलला असता तर आधी तिथं दिसलं असतं. भेग वर-खाली सारख्याच रुंदीची, कुठं उघडलेली नाही. आणि बिगारी पोरानं विचारल्यावर लगेच सांगितलं: खिडकीची चौकट उशिरा आली, तोवर भिंत चढली होती. मग विटा फोडून, घण घालून चौकट बसवली. भेग त्या घणाची होती.

तरी भेगेवर आतून-बाहेरून एकेक काचपट्टी चिकटवली आणि वर तारीख घातली. भिंत हलली की काच तुटते. तीन आठवड्यांत तुटली नाही. पण मे महिन्यातले तीन आठवडे काळ्या मातीबद्दल फारसं काही सांगत नाहीत, ती हलते पावसात. म्हणून आतलं प्लास्टर करताना त्या पट्टीभोवती वीतभर जागा गणपतीपर्यंत उघडी ठेवायला सांगितली. स्वयंपाकघरात तसं भोक ठेवायला काकूंचा विरोध होता. तिथं कॅलेंडर टांगून प्रश्न मिटला.

पांढऱ्या खाराची तीन कलमं होती, जोत्याच्या वरच्या दोन-तीन थरांवर. त्यात गवंड्याचा दोष नाही. वीट, वाळू किंवा पाणी यांतले क्षार ओल सुकताना पृष्ठभागावर येतात. आपल्या कृष्णाकाठी क्षारपड जमीन काय असते हे वेगळं सांगायला नको, बोअरचं पाणीही अनेक ठिकाणी मचूळ. कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, पुन्हा येतो का बघा, एवढंच सांगितलं. पुन्हा आला नाही.

उभे सांधे

आडवा सांधा सगळ्यांना दिसतो. उभ्याकडे कुणी बघत नाही, आणि गवंड्याची घाई तिथंच उमटते. वीट बसवताना तिच्या टोकाला माल लावून शेजारच्या विटेला दाबायचा असतो. घाईत विटा नुसत्या शेजारी ठेवल्या जातात, आणि वरच्या थराचा माल टाकताना थापीनं थोडा फटीत ढकलला की बाहेरून सांधा भरलेला दिसतो.

माझ्याकडे सहा इंची स्टीलची पट्टी असते. मागच्या बेडरूमच्या भिंतीत एका उभ्या सांध्यात ती टोचली, 80 मिलिमीटर आत गेली. शेजारच्यात 65. संध्याकाळी अंधार पडल्यावर गुरुजींना आत उभं केलं आणि मी बाहेरून टॉर्च फिरवला. आतून त्यांचा आवाज येत राहिला: “दिसला… दिसला… इथं पण…” मग आवाज थांबला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “हे मी लिहिलंच नव्हतं.”

मागच्या आणि पश्चिमेच्या भिंतीत अशा जागा खूप होत्या. पश्चिमेचा पाऊस इकडून झोडपतो, आणि पोकळ उभा सांधा म्हणजे पाण्याला आत यायला केलेली नळी. यावर उपाय आहे, फक्त कंटाळवाणा आहे. प्रत्येक पोकळ सांधा खरवडायचा, पाणी मारायचं, आणि एकास चारचा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) पट्टीनं दाबून भरायचा, दोन्ही बाजूंनी. तसंही प्लास्टर धरायचं असेल तर सांधे किमान 10 मिलिमीटर खोल खरवडलेले हवेत. ते काम माल ओला असताना पाच मिनिटांचं असतं. वाळल्यावर छन्नी लागते. इथं ते राहून गेलं होतं, त्यामुळे मजुरीचे चार दिवस जास्तीचे गेले.

सांधेमोडही दोन जागी चुकली होती. खालच्या विटेचा उभा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली यायला हवा. हॉलच्या खिडकीच्या बाजूला तो सलग पाच थर एकाखाली एक आला होता, कारण तिथं अद्धे, म्हणजे अर्ध्या विटा, आणि तुकडे वापरून जागा भरलेली. खिडकीशेजारची ती पट्टी उतरवून पुन्हा बांधायला सांगितली, जेमतेम चाळीस विटांचं काम. बीमखाली दोन इंचाची फट कोरड्या तुकड्यांनी ठासलेली होती. तीही रिकामी करून, पाणी मारून, मालानं भरून घ्यायची. कॉलम आणि विटा जिथं मिळतात तिथं प्लास्टरआधी फूटभर रुंदीची जाळी, कारण काँक्रीट आणि वीट उन्हात एकसारखे वागत नाहीत आणि बरोबर त्या रेषेवर प्लास्टर फाटतं. हे कंत्राटदारानं कुरकुर न करता मान्य केलं. जाळीचे पैसे मालकाचे होते.

ती एक भिंत

दोन बेडरूमच्या मधे साडेचार इंची भिंत होती, म्हणजे अर्ध्या विटेची. लांबी बारा फूट, उंची साडेनऊ, टोकाला दार. वहीत तिचं नाव नव्हतं, कारण दिसायला ती घरातली सगळ्यात चांगली भिंत होती. सांधे जवळजवळ सारखे, ओळंबा 3 मिलिमीटर. मीही पहिल्या दिवशी तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो.

तिच्याकडे लक्ष वेधलं काकूंनी. त्या शेजारच्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या, दिवसभर बांधकामावर त्यांचीच नजर. चहा देताना सहज म्हणाल्या, “ही भिंत मात्र झटक्यात झाली हो. सकाळी जोत्यापासून धरली आणि दिवेलागणीला बीमला टेकवली.”

मी कप खाली ठेवला. साडेनऊ फूट एका दिवसात! नऊ इंची भिंतसुद्धा दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नये. अर्ध्या विटेची तर त्याहून कमी, मीटरभर. खालचा माल आवळायच्या आत वरचं वजन आलं की तो दबतो आणि विटेपासून सुटतो. पुढचे प्रश्न मी काकूंनाच विचारले. पाणी किती दिवस मारलं? “दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या पोराच्या भावाचं लग्न होतं.” विटा भिजवत होते का? “भिजवायला पाणी होतं कुठं?”

दाराच्या बाजूला गेलो. तिथं भिंतीचं टोक उघडं असतं. छातीच्या उंचीवरची एक वीट दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा किंचित कुरकुरली. तिसऱ्यांदा ती माझ्या हातात आली, छन्नी नाही, हातोडी नाही.

उलटी करून बघितली. खालची बाजू जवळजवळ कोरी, लाल पिठासारखी धूळ, कडेला तेवढी मालाची पुसट किनार. छाप असलेली बाजू खाली ठेवली होती, त्यामुळे छापाचा खड्डा रिकामाच राहिलेला. छाप वर ठेवला की माल त्यात बसून पकड धरतो, म्हणून तर भट्टीवाला तो पाडतो. माल खालच्या विटेवर तसाच पडला होता, ताटलीत ठेवलेल्या बिस्किटासारखा, न चिकटता. त्याचा तुकडा बोटांत चुरला, वाळू होऊन गळाला. कोरड्या विटेनं मालातलं पाणी शोषून घेतलं, सिमेंटला आवळायला पाणी उरलं नाही, आणि वरून मारायचं पाणी तिसऱ्या दिवशी बंद. एप्रिलच्या उन्हात आणखी काय होणार?

शेवटची गोष्ट. नकाशावरच्या टिपेत साडेचार इंची भिंतीला दर चौथ्या थराला 6 मिलिमीटरच्या दोन सळ्या लिहिल्या होत्या. काढलेल्या विटेच्या वर-खाली चार-पाच थर छन्नीनं उघडून बघितले, सळी नाही. त्या सळ्या अंगणात ताडपत्रीखाली, तारेनं बांधलेल्या, जशाच्या तशा होत्या.

मी मिस्त्रीकडे बघितलं. तो खाली बसला आणि बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदाच सलग बोलला. “साहेब, खोटं बोलत न्हाय. विटा भिजवायला हौद कुठाय? ड्रम कुठाय? टँकर दोन दिवसाआड. आमाला चौरस फुटावर पैसं. त्या दिवशी भिंत झाली न्हाय तर दोन बिगारी दुसऱ्या साइटला जाणार हुते.”

खरं होतं ते. पाणी पुरवायची जबाबदारी करारात मालकाची लिहिली होती. सळ्या गाळायची परवानगी मात्र कुणी दिली नव्हती, आणि हे बघायला कंत्राटदार त्या आठवड्यात साइटवर फिरकला नव्हता.

ताडपत्रीखालचा हिशेब

बैठक ताडपत्रीच्या सावलीत झाली. गुरुजी, काकू, कंत्राटदार, मिस्त्री आणि मी. गुरुजींना अजून सगळं पाडायचं होतं. कंत्राटदाराला काहीच पाडायचं नव्हतं, तो म्हणत होता, “त्या भिंतीला दोन्ही बाजूनं जाळी मारून घट्ट प्लास्टर करतो की.” मी मिस्त्रीला म्हटलं, आणखी एक वीट काढून दाखवा. त्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. चौथी काढायच्या आत कंत्राटदार म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. पाडू या.”

कुणाच्या चुकीचं वजन किती, यावर दुपार गेली. मी मांडलेली वाटणी अशी होती: भिंत पाडायची आणि पुन्हा बांधायची मजुरी कंत्राटदाराची, सिमेंट आणि वाळू मालकाची, पोकळ सांधे भरायची मजुरी निम्मी-निम्मी. सांध्यांच्या दिसण्याचा कुणावर बोजा नाही. गुरुजींनी दोनशे लिटरचे दोन ड्रम आणायचे आणि टँकर रोज सांगायचा. शेवटच्या बिलातून पाच टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवायची. हे सगळं वहीच्याच मागच्या पानावर लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या. गुरुजींनी मिस्त्रीची सही आधी घेतली. ते मला बरं वाटलं.

भिंत दुसऱ्या दिवशी उतरली. सव्वाचारशेच्या आसपास विटा होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या अख्ख्या निघाल्या, थापीच्या दोन फटक्यांत माल झडून. चांगली बांधलेली भिंत पाडताना निम्म्या विटांचे तुकडे होतात. गुरुजी विटा रचत होते, आणि किती वाचल्या म्हणून खूश होते. कंत्राटदार मात्र त्या स्वच्छ विटांकडे बराच वेळ बघत राहिला.

नवी भिंत त्याच मिस्त्रीनं बांधली, तीन दिवसांत. विटा ड्रममध्ये बुडबुडे थांबेपर्यंत बुडवल्या, बाहेर काढून वरचं पाणी निथळू दिलं. छाप वर. कॉलमला भोकं पाडून सळ्या आत घेतल्या, सळीच्या वर-खाली माल. कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच. सात दिवस पाणी मारलं, ते काकूंनी स्वतः, दिवसातून तीन वेळा, गोणपाट लावून. दहाव्या दिवशी मी दाराच्या बाजूची वीट धरून हलवली. काकू म्हणाल्या, “अहो, जोर लावा की.” लावला. भिंत ढिम्म.

पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला, आणि जुलैत पश्चिमेकडून दोन दिवस झोडपला. काचपट्टी शाबूत राहिली. मागची बेडरूम कोरडी. जिन्याच्या वळणावर मात्र ताटाएवढा ओलीचा डाग उठला.

बाकी भिंतींचे उभे सांधे दोन्ही बाजूंनी भरायला मी लिहिलं होतं. त्या सतरा मिलिमीटर झुकलेल्या भिंतीला फक्त आतून. बाहेर जाळी आणि एवढा जाड थर येणारच आहे, तो सांध्यात आपोआप दाबला जाईल, असा माझा हिशेब. बाहेरच्या प्लास्टरला वरच्या टोकाला बारीक तडे गेले होते, आणि तिथून शिरलेलं पाणी पोकळ सांध्यांतून आत आलं.

गुरुजींनी वही उघडून माझ्यासमोर धरली. कंत्राटदार शिडी घेऊन आला होता. पान वाचून तो गालातल्या गालात हसला. “हे तर तुमच्या यादीतलं, साहेब. हे फुकट करू का निम्मं-निम्मं?”

सिमेंटचं अर्धं पोतं मी आणून दिलं.